सहीच्या आधी

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर रोज बारीक अक्षरांतल्या काही चौकटी छापलेल्या असतात. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी त्यांची सुरुवात. मग गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. पुढे मजकूर असा, की या मिळकतीवर कोणाचा गहाण, दान, वारसा, वहिवाट, पोटगी वा अन्य कसलाही हक्क असल्यास त्याने चौदा दिवसांच्या आत कागदपत्रांनिशी हरकत घ्यावी. अन्यथा तसा हक्क नाही, किंवा असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजून व्यवहार पुरा केला जाईल. खाली वकिलाचे नाव आणि कचेरीचा पत्ता.

कोणीतरी पैसे मोजण्याआधी वकिलाला विचारले, याची ही चौकट म्हणजे खूण. खरेदीदाराच्या वकिलाने मागच्या तीस वर्षांचे सातबारे आणि फेरफार काढलेले असतात, निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोनचा शोध घेतलेला असतो, आणि तरीही एखादा वारस राहून गेला असेल तर म्हणून जाहीर नोटीस दिलेली असते. ज्याने हरकत घ्यायची तो माणूस मात्र ही चौकट क्वचितच वाचतो. दुसऱ्या जिल्ह्यात दिलेल्या बहिणीने ती वाचलीच, तर चौदा दिवस उलटले म्हणजे आपला हक्क बुडाला अशी तिची समजूत होते. ती खरी नाही. नोटिशीला उत्तर दिले नाही एवढ्याने कोणाची मालकी जात नाही. आपण पुरेशी चौकशी केली होती हे खरेदीदाराला पुढे सांगता यावे, हा नोटिशीचा मुख्य उपयोग. पण हे तिला सांगणारे जवळपास कोणी नसते.

कायद्याचा सल्ला लोक कसा मिळवतात आणि कसा वापरतात, हे समजून घ्यायचे तर या दोन टोकांमधले अंतर आधी पाहावे लागते. बँका, कंपन्या, बांधकाम व्यावसायिक सल्ला आधी घेतात. साधी माणसे नंतर घेतात. फी, कायद्याची भाषा, कोर्टाची धास्ती, तारखांवर तारखा या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांविषयी पुष्कळ लिहिलेही गेले आहे. पण सल्ला कधी घेतला, या एका गोष्टीने जेवढे नुकसान होते तेवढे बाकी कशानेच होत नाही. पुढील सगळी मांडणी या मुद्द्याभोवती आहे.

बहिणीच्या हक्कसोडपत्राचे उदाहरण घ्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला. देशभर तो ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला, आणि त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. एवढा कायदा पाठीशी असताना तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात काय होते? दिवाळीला माहेरी आलेली बहीण भावाबरोबर येते. दस्त तयार असतो. संगणकासमोर तिचा फोटो निघतो, यंत्रावर अंगठा घेतला जातो, ओळख पटवणारे दोघे सह्या करतात. मजकूर मान्य आहे का, असे विचारले जाते. ती हो म्हणते. सगळे काही मिनिटांत आटोपते.

दस्त कोणी लिहिला? भावाने आणलेल्या वकिलाने, किंवा कार्यालयाबाहेर टेबल मांडून बसलेल्या दस्तलेखकाने. फी भावाने दिली. म्हणजे कागदावर तो भावाचा सल्लागार, आणि बहिणीला सल्लागारच नाही. अनेक बहिणी मनापासून, समजून-उमजून हक्क सोडतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण सोडण्याआधी तिला काही गोष्टी कळायला हव्यात. दस्तात नेमके कोणते गट नंबर आहेत; गावठाणातले घर त्यात आले आहे का; नोंदणी झाल्यावर तो दस्त आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही; हक्क न सोडता सामायिक नाव ठेवता येते आणि पुढे रीतसर वाटणीही मागता येते. हे सांगायला जाणत्या वकिलाला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास सहीच्या आधी मिळाला नाही, तर पुढे तोच दस्त रद्द करून मागायला दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे जावे लागते.

हे दुखणे नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, ती मुख्यतः कर्जरोख्यांसाठी. रोखे हिसकावून जाळण्यात आले आणि ते लोण पुणे-नगरच्या इतर गावांत पसरले. त्यामागे सारावाढ होती, कापसाच्या भावाची घसरण होती. पण राग कागदावर निघाला, कारण तो कागद सावकाराने लिहिला होता आणि अंगठा उठवणाऱ्याला तो वाचता येत नव्हता. त्यानंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचे रोखे गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिले जावेत अशी तरतूद त्यात होती. दावा लावण्याआधी समेटाची पायरी ठेवली होती. आणि सावकाराच्या बाजूने वकील उभा राहिला, पण गरीब शेतकऱ्याला वकील करणे परवडत नसेल, तर त्याच्यासाठी वकील उभा करण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला होता.

सहीच्या आधी मजकूर समजावून देणारा कोणी असावा आणि समोरच्याला वकील असेल तर गरिबालाही असावा, या दोन्ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी कायद्याच्या रूपाने येऊन गेल्या. त्या कायद्याच्या अंमलात उणिवा राहिल्या, सावकारांनी पळवाटाही काढल्या. तरी गरज कुठे आहे हे त्याने अचूक हेरले होते.

वकिलाचे ज्ञान चळवळीच्या कामी कसे येते, याचे महाड हे मोठे उदाहरण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. परळच्या दामोदर हॉलमधली त्यांची कचेरी कामगारांना आणि गोरगरिबांना खुली असे. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर त्यांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा विरोधकांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे महाडला जमलेली, तळे समोर, आणि हातात कोर्टाचा कागद. परिषदेत मोठी चर्चा झाली आणि सत्याग्रह स्थगित ठेवण्यात आला. त्यानंतर बाबासाहेबांनी तो दावा दहा वर्षे लढवला. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड यांच्या पीठाने निकाल दिला: अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची रूढी विरोधकांना सिद्ध करता आलेली नाही. चळवळीचा नेता आणि तिचा कायदेशीर सल्लागार इथे एकच होता. म्हणूनच आज काय करायचे आणि उद्या कोर्टात काय टिकेल, हे दोन्ही प्रश्न एका वेळी विचारले गेले.

सरकारी पातळीवर कायदेविषयक मदतीची आखणीही मुंबई प्रांतात लवकर सुरू झाली. १९४९ मध्ये न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या नावातच मदतीबरोबर सल्ल्याचाही उल्लेख होता. त्यांचे पुत्र न्या. पी. एन. भगवती आणि न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयात नेऊन रुजवला. ४२व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकणारा अनुच्छेद ३९-अ आला. १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले, की शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेवर मिळालीच पाहिजे, आणि अपिलासाठी वकीलही. कागद हातात नसेल तर सल्ला कशावर मागायचा, इतके साधे ते तत्त्व.

१९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे काही जणींनी सांगितले होते. परदेशी कैदी स्त्रियांचे सामान-दागिने फीच्या नावाखाली एका वकिलाने ठेवून घेतल्याचेही त्या प्रकरणात पुढे आले. न्यायालयाने दिलेल्या निर्देशांतला एक असा, की कोणालाही अटक करून कोठडीत आणले की पोलिसांनी लगेच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या अपिलावर निकाल देताना याच न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांवर जबाबदारी टाकली: आरोपीला पहिल्यांदा समोर आणले जाईल तेव्हाच वकिलाचा हक्क त्याला समजावून सांगायचा आणि गरज असेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. देशावर हल्ला करणाऱ्याच्या खटल्यातही न्यायालयाला हे सांगणे आवश्यक वाटले.

आज या सगळ्याचा आधार म्हणजे १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि तालुका अशी त्याची उतरंड आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतल्या व्यक्ती, आपत्तिग्रस्त यांना उत्पन्न न पाहता मोफत सेवा मिळते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. नोकरदार स्त्रीलाही हा हक्क आहे, हे फार थोड्या जणींना माहीत असते. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालये सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ आरोपींच्या बचावाचे काम करतात, खासगी खटले घेत नाहीत. ही सुधारणा मोठी आहे. मात्र यातला बहुतेक जोर खटला उभा राहिल्यानंतरच्या मदतीवर आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे. घरासाठी कर्ज देणारी बँक स्वतःच्या यादीवरच्या वकिलाकडून मिळकतीच्या हक्काचा शोध अहवाल घेते, त्याशिवाय पैसा सुटत नाही. बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या महारेराकडे प्रकल्प नोंदवताना विकासकाला जमिनीच्या हक्काबद्दल वकिलाचा अहवाल द्यावा लागतो आणि तो संकेतस्थळावर पाहता येतो. मोठ्या कंपन्यांत स्वतंत्र विधी विभाग असतो. करार आधी तिथून जातो, मग व्यवस्थापकीय संचालकाच्या टेबलावर. सरकारचेही तसेच. राज्यपालांनी नेमलेल्या महाधिवक्त्याने सरकारला कायद्याचा सल्ला द्यावा, असे संविधानाचा अनुच्छेद १६५ सांगतो. महाराष्ट्रात हे पद एच. एम. सीरवई यांच्यासारख्या संविधानाच्या भाष्यकाराने भूषवले. खात्यांच्या फायली विधी व न्याय विभागाकडे अभिप्रायासाठी जातात.

संस्था सल्ला आधी घेतात हे खरे. पण तो नीट वापरतात असे नाही. अभिप्राय फायलीला लावला की निर्णयाची जबाबदारी वकिलावर गेली, अशी समजूत बँकांपासून सहकारी संस्थांपर्यंत सगळीकडे दिसते. २०१२ मध्ये सीबीआय विरुद्ध नारायण राव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच प्रश्न आला. बँकेच्या यादीवरच्या वकिलाने दिलेला मिळकतीचा अहवाल चुकला, कर्ज बुडाले, आणि फसवणुकीच्या कटात वकिलालाही आरोपी केले गेले. न्यायालयाने त्याच्यावरील कारवाई रद्द केली. मत चुकले एवढ्याने गुन्हा होत नाही. कटात सामील असल्याचा पुरावा हवा. याचा संस्थांनी घ्यायचा अर्थ असा, की अहवाल मिळाल्यावर तो वाचायचा असतो. त्यात ‘अमुक फेरफार उपलब्ध झाला नाही’, ‘मूळ दस्त पाहिलेला नाही’ अशी वाक्ये असतात. सगळा धोका त्या वाक्यांत असतो, आणि घाईत तीच वगळली जातात.

साध्या माणसांनी मिळून केलेली संस्था पुन्हा साध्या माणसासारखीच वागते. गृहनिर्माण सोसायट्यांचे पाहा. १९६३च्या मोफा कायद्याने विकासकावर जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देण्याचे बंधन घातले. तो टाळाटाळ करतो म्हणून २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून विकासकाच्या सहीशिवायही हस्तांतरण मिळते. तरी कित्येक सोसायट्या वर्षानुवर्षे वाहनतळ आणि पाणीपट्टीवर वार्षिक सभा गाजवतात, आणि जमीन आपल्या नावावर नाही हे पुनर्विकासाचा प्रस्ताव आल्यावर उमगते. तोवर मूळ विकासक वारलेला असतो, भागीदारी संस्था मोडलेली असते, मंजूर नकाशे सापडत नाहीत. वकील मग सल्ला देण्याआधी कागद जमवण्यातच महिने घालवतो.

याच्या उलट वागून दाखवले ते गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने इथे अभ्यासगट बसत. प्रश्न कोणताही असो, आधी माहिती गोळा करायची, जाणकाराला बोलवायचे, चर्चा करायची, आणि मग ग्रामसभेने सर्वसहमतीने ठरवायचे. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला तेव्हा गावाकडे आपल्या जंगलाची माहिती तयार होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आहे. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिला असूनही वनखाते वाहतूक परवाना देईना. गावाने कायद्याचे कलम धरून ठेवले आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

मेंढ्याने वकील नाकारला नाही. गावाने जाणकाराला बोलावले, त्याचे ऐकले, पण निर्णय स्वतःकडे ठेवला. कुठला प्रश्न विचारायचा हे आधी ठरवले होते, म्हणून उत्तरही कामी आले. सल्ला वापरण्याची इतकी चांगली रीत मोठ्या कंपन्यांतही सहज सापडत नाही.

वकील शोधायचा कसा, हा पहिल्याच पायरीवरचा अडसर. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे माणूस ओळखीतून जातो: चुलत भावाचा मित्र, सोसायटीच्या सचिवाने सुचवलेले नाव, कोर्टाच्या आवारात भेटलेला कारकून. फौजदारीत हयात घालवलेल्या वकिलाकडे जमिनीचे काम जाते ते असे. जिंकल्यावर मिळणाऱ्या रकमेतला वाटा फी म्हणून ठरवायलाही नियमांनी बंदी आहे. तशी बोली कोणी केली तर सावध व्हावे. सल्ला द्यायला कोण पात्र, याचेही उत्तर ठरलेले आहे. १६ डिसेंबर २००९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लॉयर्स कलेक्टिव्हच्या याचिकेवर निकाल देताना म्हटले, की कोर्टात उभे राहण्याइतकेच कोर्टाबाहेरचे काम, म्हणजे मसुदे करणे आणि मत देणे, हेही वकिलीच आहे आणि तिला वकिलांचा कायदा लागू आहे.

वकिलाशी बोललेले बाहेर जात नाही, हा अशिलाचा हक्क १८७२च्या पुरावा कायद्यापासून चालत आला आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. गुन्हा करण्यासाठीच सल्ला मागितला असेल तर मात्र हे संरक्षण नाही. २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने सल्ला देणाऱ्या ज्येष्ठ वकिलांनाच समन्स काढले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, अमरावतीचे सुपुत्र असलेल्या तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ठरवले, की कायद्यातल्या अपवादांत बसत नसेल तर तपास यंत्रणांनी अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी वकिलाला बोलावू नये. कंपनीच्या पगारी विधी सल्लागाराला मात्र वकिलाचे हे पूर्ण संरक्षण मिळत नाही, हेही त्याच निकालात आहे. कंपन्यांनी ते लक्षात ठेवावे.

अशिलाच्या बाजूने आणखी दोन निकाल माहीत हवेत. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना खटल्यात सांगितले. आणि १४ मे २०२४च्या निकालानुसार वकिलाविरुद्ध सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची. म्हणून वकीलपत्रावर सही करण्याआधी तेही वाचावे. तडजोड करण्याचा, रक्कम स्वीकारण्याचा अधिकार त्यात बहुधा छापील मजकुरातच दिलेला असतो.

उशिराची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती मुदतींत. धनादेश वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. दिवाणी दाव्याचे समन्स हाती पडल्यावर ३० दिवसांत कैफियत द्यायची, न्यायालयाने मुभा दिली तर ९०. जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत. ग्राहक तक्रार २ वर्षांत. समन्स घेतले नाही म्हणजे खटला टळला असे मानून पोस्टमनला परत पाठवणारी माणसे आजही आहेत. त्यांच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूम होतो आणि पहिला सल्ला मागितला जातो तो जप्तीचा कागद दारावर लागल्यावर. वैद्याकडे ताप मेंदूत चढल्यावर जावे, तसे हे आहे.

परगावच्या आणि परदेशीच्या मराठी माणसाचे प्रश्न याहून गुंतागुंतीचे. शिकागोत राहणाऱ्या मुलाने सांगलीच्या जमिनीसाठी भावाला मुखत्यारपत्र पाठवले, तर ते तिथे वकिलातीत किंवा अपॉस्टिल करून प्रमाणित व्हायला हवे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा. गोव्यात घर घेणाऱ्या पुणेकराला वेगळाच कायदा भेटतो. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता बहुधा सामायिक धरली जाते, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची संमती लागते. वारसांची विभागणी इन्व्हेंटरी प्रोसिडिंगने होते. महाराष्ट्रात नावाजलेला वकीलही तिथे स्थानिक सहकाऱ्याशिवाय मत देत नाही.

गेल्या काही वर्षांत सल्ल्याची नवी दारे उघडली आहेत. टेली-लॉ योजनेतून सामायिक सुविधा केंद्रांत बसून वकिलाशी बोलता येते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस यंत्रणेच्या आतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मारहाण सोसून आलेल्या बाईला तिथे समाजकार्यकर्ती पहिल्यांदा ऐकून घेते. ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते तक्रार कशी लिहावी ते दाखवतात. आणि मोबाइलवर तर सल्ल्याचा पूर आहे. व्हिडिओ, फिरते संदेश, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. प्राथमिक समज यायला, कुठला प्रश्न विचारायचा ते ठरवायला त्याचा उपयोग होतो. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला एका कंपनीवरचा प्राप्तिकराचा आदेश रद्द करावा लागला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. प्रशिक्षित अधिकाऱ्याच्या हातून असे होत असेल, तर घरी बसून विचारणाऱ्याने मिळालेले उत्तर जाणत्या माणसाकडून तपासून घेतलेच पाहिजे.

सल्ला घ्यायला जाताना काय न्यावे, हेही कोणी शिकवत नाही. घटना तारीखवार एका कागदावर लिहून न्याव्यात. मूळ कागद घरी ठेवून प्रती न्याव्यात, पण मूळ कुठे आहे ते सांगावे. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट पहिल्यांदा सांगावी: रोखीने दिलेले पैसे, न वाचता केलेली सही, आधी झालेला तोंडी समझोता. वकिलाला ती समोरच्याच्या कैफियतीतून कळली तर उशीर झालेला असतो. हरलो तर काय जाईल, काहीच केले नाही तर काय होईल, आणि तडजोड केली तर हाती काय राहील, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.

पुढील प्रकरणांत जमीन, घर, विवाह, नोकरी, कर्ज, अटक आणि संस्था अशा क्रमाने हा विषय उलगडत जाईल. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच असेल: सल्ला कुठल्या क्षणी उपयोगी पडला असता आणि तो त्या क्षणी कसा मिळवता येईल. यासाठी नवा कायदा करायची वाट पाहण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या व्याख्येत कोर्टातल्या कामाबरोबर ‘कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे’ हेही स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे हक्कसोडपत्राचा मसुदा हातात घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जाणाऱ्या बहिणीला, कोणताही खटला नसताना, तो मसुदा समजावून घेण्याचा हक्क आजच आहे. तालुक्याच्या न्यायालयात या समितीचे कार्यालय असते. तिथे मसुदा घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढावी आणि निबंधक कार्यालयाच्या दारावर या सोयीची पाटी ठळक लागावी, या हेतूने ही मांडणी केली आहे.